घरातल्या सगळ्यांची सुट्टी



जूनमध्ये शाळा उघडली की मराठीच्या तासाला एक निबंध ठरलेला असतो : ‘मी सुट्टी कशी घालवली’. वीस वर्षे मी या वह्या तपासते आहे. मुलांची गावे वेगळी, नातेवाईक वेगळे, पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत भेटते. नानीकडे गेलो, अम्मीने बिर्याणी केली. समुद्रावर गेलो, अम्मीने घरून कबाब आणि चपात्या करून आणल्या. मामूच्या लग्नाला गेलो, अम्मी चार दिवस पाहुण्यांत होती. सुट्टी मुलांना असते, अब्बांना असते. अम्मीचे फक्त स्वयंपाकघर बदलते.

आपल्या घरांतून प्रवास कमी होतो असे नाही. लग्नकार्य, आजारपण, मय्यत, नशिबात असेल तर उमरा आणि हज. पण काही काम नसताना, केवळ अल्लाहची दुनिया पाहायला घरातली सगळी माणसे एकत्र निघाली, असे किती वेळा घडते? आणि निघालोच तर जेवणाचे काय, नमाजचे काय, समुद्रावर बायकांनी काय घालायचे, या तीन प्रश्नांपाशी बेत अडतो. हे प्रश्न खरे आहेत. ते कसे सुटतात, हे मी अगदी दूरच्या एका बेटावर पाहिले. त्याविषयी आज लिहिते.

बेत ठरला कसा

माझी मोठी बहीण न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असते. अम्मी सहा महिने तिच्याकडे राहायला गेली होती. दोन वर्षांपूर्वी ईद आणि वार्षिक परीक्षा आटोपल्यावर तिला परत आणायला मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. आमच्या ‘ह्यां’ना रजा नव्हती. तिकडेही शाळांना सुट्टी होती. आपाने आठ दिवस सामोआला जायचे ठरवले.

सामोआ हा पॅसिफिक महासागरातला, विषुववृत्ताच्या दक्षिणेचा पॉलिनेशियन देश. उपोलू आणि सवाई ही दोन मोठी बेटे आणि काही लहान. सगळे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. राजधानी आपिया. १९६२ साली हा देश न्यूझीलंडपासून स्वतंत्र झाला. ऑकलंडहून विमानाने चार तास लागतात.

राहायचे कुठे, यावरून आपा आणि दुल्हाभाई यांच्यात दोन दिवस चर्चा चालली. दुल्हाभाईंचे म्हणणे, स्वयंपाकघर असलेली जागा घेऊ, आपले आपण शिजवू, हलालचा प्रश्नच नको. आपाचे उत्तर सरळ होते, “किचन असलं की मी किचनमध्ये. मग इथंच राहू या, तिकिटाचे पैसे वाचतील.”

अम्मीने तिसराच मार्ग काढला. “तुम्ही सगळे जा. मी घर बघते. मी तिकडं येऊन काय करू?”

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईचा हा प्रश्न मला विसरता येत नाही. कुठेही जायचे म्हणजे तिथे काहीतरी करायचे, एवढेच तिला माहीत होते.

शेवटी आपाचे चालले. उपोलूच्या आग्नेय टोकाला लालोमानू नावाचे गाव आहे. तिथल्या एका कुटुंबाने किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी ‘फाले’ बांधले आहेत. फाले म्हणजे खांबांवर उभे छप्पर, भिंती नाहीत. वारा-पाऊस आला की नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे खाली सोडायचे. आत गादी आणि मच्छरदाणी. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण यजमानांकडे. आपाने आधीच कळवले होते, आम्हाला डुक्कर आणि इतर कोणतेही मांस नको, मासे, अंडी, भाजी, फळे चालतील, आणि तवा-भांडी वेगळी ठेवता येतील का? उत्तर आले, “हो, ठेवू.” विचारायला एक निरोप लागला. दुल्हाभाईंनी तरीही चहाची पूड सोबत घेतली होती, ती मात्र उपयोगी पडली.

कपडे आणि किनारा

आमचे घर खाडीपासून दोन मैलांवर. अम्मीने आयुष्यभर मासळी घेतली, साफ केली, रांधली. पण समुद्रात पाय घातला नव्हता. किनारा पुरुषांचा, मुलांचा आणि बाहेरून येणाऱ्या पर्यटकांचा, अशी तिची समजूत. त्यात परदेशातला किनारा म्हणजे बघायलाच नको.

तिथे गेल्यावर दिसले ते वेगळेच. गावातल्या बायका पूर्ण कपड्यांत पाण्यात उतरत होत्या, अंगात टी-शर्ट आणि कमरेला ‘लावालावा’, म्हणजे लुंगीसारखे गुंडाळलेले कापड. गावातून फिरताना गुडघे झाकलेले असावेत, पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यावर येऊ नये, हे पाहुण्यांनाही सांगितले जाते. खाताखाता रस्त्याने चालणे चांगले समजत नाहीत. घरात शिरताना चपला बाहेर, बसताना मांडी घालून, आणि कुणाच्या दिशेने पाय पसरायचे नाहीत. बसलेल्या माणसांपुढून जायची वेळ आली तर कमरेत वाकून ‘तुलोऊ’ म्हणायचे, म्हणजे ‘माफ करा’. माझ्या मुलाला हे सगळे मी घरी दहा वेळा सांगून झाले होते. तिथे दोन दिवसांत तो आपणहून वाकायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला, नातीचा हात धरून अम्मी गुडघाभर पाण्यात गेली. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. बाहेर प्रवाळाची रांग असल्याने आतले पाणी संथ होते, तळाची वाळू दिसत होती. कुणी वळून पाहिले नाही. ती तासभर तिथेच उभी होती. रात्री मच्छरदाणीत झोपताना मला म्हणाली, “असं नुसतं उभं राहायला मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.”

मी काही बोलले नाही. त्याला उत्तरही नव्हते.

‘सा’ची वेळ

सामोआच्या खेड्यांत सूर्यास्ताच्या सुमारास ‘सा’ पाळतात. शंख फुंकतात किंवा घंटा वाजवतात. अनेक ठिकाणी गॅसचे रिकामे नळकांडे टांगून त्यावरच ठोके देतात. मग दहा ते वीस मिनिटे गावातले सगळे व्यवहार थांबतात. प्रत्येक कुटुंब आपल्या घरात एकत्र बसून प्रार्थना करते. लोक ख्रिस्ती आहेत. गावातले तरुण रस्त्याकडेला उभे राहून लक्ष ठेवतात, त्या वेळी कुणी रस्त्यावर हुंदडलेले चालत नाही, पर्यटक असला तरी.

पहिल्या संध्याकाळी ठोके पडले आणि आमची मुले दचकली. मग शेजारच्या घरातून गाण्याचे सूर आले. पोरांनी खेळ थांबवले होते, बायकांनी हातातली कामे ठेवली होती. आमचीही मगरिबची वेळ तीच. दुल्हाभाईंनी इमामत केली, आम्ही मागे उभ्या राहिलो. त्यांचा धर्म त्यांचा, आपला आपला. पण दिवस मावळताना घरातले प्रत्येक माणूस एका छपराखाली असावे, ही शिस्त मनाला भिडली. आपल्याकडेही मगरिबला मुलांना घरात बोलावण्याची रीत होतीच. आता त्या वेळी एक जण शिकवणीला असतो, एक मोबाइलवर, आणि तिसऱ्यासाठी अम्मी चहा करत असते.

किब्ल्याची गंमत मुलांना फार आवडली. भाच्याने मोबाइलवर दिशा काढली तर ती पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली निघाली, जवळजवळ आपल्या कोकणासारखीच. मी वाळूत गोल काढून मुलांना दाखवले की मक्केच्या बरोबर उलट बाजूचा पृथ्वीवरचा बिंदू पॉलिनेशियातच येतो, तोही समुद्रात. सामोआच्या पूर्वेला फ्रेंच पॉलिनेशियात तेमातांगी नावाचे प्रवाळबेट आहे, त्याच्या जवळ. काबेपासून यापेक्षा लांब जाता येत नाही. तिथून तोंड कुठेही करा, काबा साधारण तितकाच दूर. मुले बराच वेळ त्या गोलाकडे पाहत बसली.

दुसरी गोष्ट तारखेची. सामोआ पूर्वी आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला होता. १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून त्यांनी ती बाजू घेतली, तेव्हा ४ जुलै ही तारीख दोनदा आली. पुढे व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला. इकडे शुक्रवार असे तेव्हा तिकडे शनिवारची सुट्टी, इकडे रविवार तर तिकडे सोमवारचे कामकाज. म्हणून २०११ मध्ये त्यांनी परत बाजू बदलली. २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि थेट ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. ३० डिसेंबरचा शुक्रवार त्या देशात आलाच नाही. भाची लगेच म्हणाली, “खाला, मग त्या आठवड्यात जुमा कधी झाला?” प्रश्न असा की मौलाना साहेबांनाही क्षणभर थांबावे लागेल!

रविवारची चूल

रविवारी गावात दुकाने बंद होती. सकाळीच घरांच्या मागून धूर निघायला लागला. चर्चहून परतल्यावर सगळे कुटुंब एकत्र जेवते, त्या जेवणाला ‘तोओनाई’ म्हणतात. ते शिजते ‘उमू’वर. ज्वालामुखीचे काळे दगड लाकडे पेटवून तापवायचे, निखारे बाजूला सारायचे, दगडांवर कंद, नीरफणस, केळी, पानात गुंडाळलेले मासे मांडायचे आणि वरून केळीच्या पानांचे थर घालून झाकायचे. तासाभरात सगळे शिजते.

आणि हे सगळे करतात घरातले तरुण मुलगे. उमूचे काम परंपरेने त्यांचेच. आमच्या यजमानीणबाईंचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा लाकडी घोडीवर बसून खोबरे खवत होता. घोडीच्या तोंडाला खवणीचे पाते, अगदी आपल्यासारखेच. धाकट्याने तो चव झाडाच्या तंतूंच्या जुडीत घेऊन पिळला आणि घट्ट दूध काढले. कोवळी अळूची पाने तळहातावर घेऊन त्यांची वाटी केली, त्यात दूध आणि कांदा घातला, वरून पान दुमडून उमूवर ठेवले. हा त्यांचा ‘पालुसामी’. अम्मी जवळ जाऊन बघत होती. “हे तर आपलं अळू! आणि ते नीरफणस!” तिला ओळखीची माणसे भेटल्यासारखे झाले.

खोबरे बघून तिचे हात शिवशिवले. ती मदतीला उठली. यजमानीणबाईंनी हसून तिचा हात धरला आणि चटईवर आपल्याशेजारी बसवले. दोघींची भाषा एक नाही. दोघी आपापल्या नातवंडांची संख्या बोटांवर मोजून सांगत राहिल्या. माझ्या मुलाला आणि भाच्याला मात्र खवणीवर बसवण्यात आले. पहिल्या नारळाला अर्धा तास लागला. दुसऱ्याला कमी.

त्या रविवारी यजमानांनी आमच्यामुळे उमूवर फक्त मासे आणि कंद-भाजी ठेवली होती. पालुसामीत बऱ्याचदा डब्यातले खारवलेले गोमांसही घालतात. ते हलाल आहे की नाही कळत नाही, म्हणून आमच्यासाठी साधाच केला. लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा नारळाच्या दुधासह खातात, त्याला ‘ओका’ म्हणतात. दुल्हाभाईंनी तो चवीने खाल्ला. मी हातही लावला नाही.

हे वाचून कुणी समजू नये की सामोआतल्या बायकांना काम नाही. आमची सुट्टी शेवटी त्यांच्याच श्रमावर उभी होती. यजमानीणबाई पहाटेपासून पाहुण्यांचे बघत. त्यांचे दोन मोठे मुलगे ऑकलंडला कामाला होते, घरखर्चाचा मोठा भाग तिकडून येई. न्यूझीलंडमध्ये सामोअन वंशाचे दोन लाखांच्या आसपास लोक राहतात, म्हणजे जवळपास जेवढे देशात तेवढेच तिकडे. आखाताच्या पैशावर चालणारी कोकणातली घरे पाहिलेल्या अम्मीला हे समजावून सांगावे लागले नाही. या किनाऱ्याने दुःखही पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००९ रोजी भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत सामोआत १४० हून अधिक माणसे गेली. लालोमानू आणि आसपासच्या गावांना मोठा तडाखा बसला. लोकांनी पुन्हा घरे बांधली. तरी तिथे आठवड्यातला एक दिवस ठरलेला आहे, त्या दिवशी चूल मुलगे पेटवतात. ही रीत मला आपल्या घरी आणण्याजोगी वाटली.

प्रत्येकाचा एक दिवस

आपाने एक नियम केला होता, प्रत्येकाने एक दिवस निवडायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्यासोबत जायचे. मुलांनी ‘तो सुआ’ निवडले. जमिनीत खोल खड्डा, तळाशी समुद्राचे निळे पाणी आणि उतरायला उंच लाकडी शिडी. भाचीने सवाई बेट निवडले. बोटीने जायचे, आणि तागा गावाजवळ खडकांतल्या भोकांमधून समुद्राचे पाणी कारंज्यासारखे उसळते ते पाहायचे. तिथली माणसे लाट येताना भोकात नारळ टाकतात आणि तो उंच आकाशात उडतो. तिथेच १९०५ ते १९११ पर्यंत धुमसलेल्या ज्वालामुखीचा काळा लाव्हा मैलोन्‌मैल पसरलेला आहे, एका जुन्या चर्चच्या भिंतींच्या आतसुद्धा. भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारे प्रकरण मुलांनी पायाखाली पाहिले.

अम्मीला रोज विचारत होतो, “तुला काय बघायचंय?” ती रोज म्हणे, “तुम्हाला आवडेल ते.” पाचव्या दिवशी ती हळूच म्हणाली, “मला त्या बाईचं आगर बघायचंय.”

मग आमचा सगळा काफिला यजमानांच्या आगरात. नारळ, केळी, कोको, नीरफणस आणि ओळीने लावलेले अळू. १९९३ मध्ये पानांवरच्या रोगाने देशातले अळूचे पीक जवळजवळ संपले होते. नंतर रोगाला तोंड देणाऱ्या जाती आणून ते पुन्हा उभे केले गेले. अम्मी प्रत्येक झाडापाशी थांबली. नीरफणसाची कापे आपण कशी तळतो हे तिने हातवाऱ्यांनी सांगितले, पण ते काही पोहोचेना. संध्याकाळी तिने स्वतःच तवा मागितला, तिखट-मीठ लावून दहा-बारा कापे तळली आणि यजमानीणबाईंच्या हातावर ठेवली. आठ दिवसांत तिने चुलीला हात लावला तो एवढाच, आणि तोही आपल्या हौसेने. हौस आणि रोजचे काम यांतला फरक मला त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर दिसला.

आपल्यासाठी चार गोष्टी

सामोआला जाणे आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नाही, त्याची गरजही नाही. दापोली, गुहागर, महाबळेश्वर, नाहीतर शेजारच्या तालुक्यातला एखादा किल्ला चालेल. दोनच दिवस असले तरी चालतील. निघण्यापूर्वी घरात बसून चार गोष्टी ठरवा.

एक, घरातली बाई त्या दिवसांत रांधणार नाही. जिथे उतरणार तिथे आधी विचारा. हलाल मांसाची खात्री नसेल तर मासे, अंडी, भाजी, डाळ-भात यांवर दोन दिवस सहज निघतात. घरूनच डबा न्यायचा झाला तर तो सगळ्यांनी मिळून करावा.

दोन, मुलगे कामाला लागतील. पाणी भरणे, भांडी विसळणे, धाकट्यांना सांभाळणे. चौदा वर्षांचा मुलगा नारळ खवू शकतो, हे मी पाहिले आहे. आमच्या घरी आता रविवारची न्याहारी तोच करतो. ऑम्लेट अजून फाटते, पण पोटात जाऊन सगळे सारखेच.

तीन, दिवसातली एक वेळ सगळ्यांनी एकत्र बसायची. मगरिबनंतरची वीस मिनिटे पुरतात. मोबाइल पिशवीत.

चार, प्रत्येकाला विचारा, तुला काय बघायचंय? सर्वांत आधी घरातल्या सर्वांत थोर बाईला विचारा. ती म्हणेल, “तुम्हाला आवडेल ते.” तेवढ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, तिसऱ्या दिवशीही विचारा. ज्या बाईला पन्नास वर्षांत हा प्रश्न कुणी केला नाही, तिला उत्तर शोधायला थोडा वेळ लागणारच.